आतल्या खोलीतली काच

सिंधुताईंच्या हाताला गुण आहे, असं कारखान्याच्या कॅम्पातल्या सगळ्या लाइनींत, क्वार्टरांच्या रांगांत बोललं जायचं. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की आधी सिंधुताईंना निरोप. सासूला तार मागाहून. ताई यायच्या त्या पदर खोचून, हातात एक डबा घेऊन. डब्यात ओवा, वावडिंग, बाळंतशेपा आणि लसणीची वाळकी सालं. बाळाला तेल लावून न्हाऊ घालायचं, बाळंतिणीची कंबर बांधायची, बाजेखाली शेगडी सरकवायची आणि निखाऱ्यांवर ओव्याची चिमूट टाकायची. खोली उबदार झाली, वासानं भरली, की ताई भिंतीला टेकून हळू आवाजात देवीचं नाव घेत बसायच्या. त्याबद्दल कोणी खण-नारळ दिला तर घ्यायच्या, तोही देवीपुढं ठेवायच्या.

त्या मूळच्या आमगावकडच्या. सासरी दिरांमध्ये वाटून उरलेलं थोडं धानाचं शेत होतं. सत्तावन्न साली, भिलाईला पोलादाच्या कारखान्यासाठी मोठं खोदकाम निघालं आहे आणि माणसं पाहिजेत, असं त्यांचे यजमान मारोतराव यांच्या कानावर आलं आणि दोघं लेक नलूला घेऊन आली. तेव्हा इथंही धानाचीच शेतं होती. बांधाबांधावर खुंट्या ठोकलेल्या आणि त्यांना लाल चिंध्या बांधलेल्या. मारोतरावांनी पाया खणला, माती वाहिली, आणि भट्टी उभी राहिली तेव्हा त्याच भट्टीवर कायम झाले. ताडपत्रीच्या पालातून शेडमध्ये, शेडमधून या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आले. पुढं ओटा, वर सपाट छत, मागं न्हाणी. गावाकडचं कोणी आलं की ताई आधी नळ सोडून दाखवायच्या.

एका गोष्टीनं मात्र त्या हैराण होत्या, ती म्हणजे लाल धूळ. भट्टी पेटली तेव्हापासून ती येऊ लागली. सकाळी देव्हारा पुसला की फडकं गेरूत बुडवल्यासारखं निघायचं. मारोतरावांचं पांढरं धोतर दोरीवर वाळता वाळता गुलाबी व्हायचं. तुळशीची पानं पाण्यानं धुतल्याशिवाय नैवेद्यावर ठेवता येत नसत. ताई रोज पुसत आणि रोज कारखान्याच्या चिमण्यांच्या दिशेनं दोन शब्द बोलत.

"अवं, तेच चिमणी भात देऊन रायली आपल्याले," मारोतराव म्हणायचे.

"भात देते म्हणून देवाच्या डोक्यावर माती टाकन का ते?" ताईंचं उत्तर ठरलेलं.

त्रेसष्टच्या हिवाळ्यात नलू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिचा नवरा विजयकुमार रेल्वेत, चरोद्याच्या यार्डात कामाला. माणूस सरळ. लोकल पकडून दर रविवारी यायचा आणि ओट्यावर बसून चहा प्यायचा. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं जायचं नाही, म्हणून ताई बाळाला दुपट्यात गुंडाळून दारापर्यंत आणायच्या, तो लांबूनच हसायचा. मुलगी झाली होती. बारीक होती, पण सुरेख.

इतक्या घरच्या बाळंतिणी ताईंनी शेकल्या, आता तर स्वतःची नात होती. त्यांनी काही कमी ठेवलं नाही. गावाकडं शेकायला खैराचे निखारे किंवा गोवऱ्यांची आच असते. इथं लाकूड मिळेना, गोवऱ्या पुरेनात. म्हणून भिलाईला आल्यापासून ताईंनी एक युक्ती काढली होती. दगडी कोळशाची चुरी आणायची, शेणात कालवायची, लाडवाएवढे गोळे वळून मागच्या भिंतीवर वाळवायचे. एक गोळा तासन्‌तास धुमसत राहायचा. लाइनीतल्या सगळ्या बायका त्यांच्याकडून ते शिकल्या होत्या. शेजारची रंभाही. रंभाला आता आठवा महिना होता आणि तिनं आपल्या बाळंतपणासाठी आधीच भिंतभर गोळे थापून ठेवले होते.

खोली तयार करताना ताईंनी सगळ्यात जास्त मेहनत खिडकीवर घेतली. चिमण्या त्याच बाजूला. त्यांनी तावदानांच्या फटीत चिंध्या कोंबल्या, वरून कणकेच्या खळीनं वर्तमानपत्र चिकटवलं, आणि त्यावर गोणपाट ठोकलं. दाराच्या फटीलाही जुनं लुगडं. आता लाल कण आत येतो कसा ते बघू.

पाचवी पुजून झाली आणि दोन-चार दिवसांनी बाळाला खोकला लागला. आधी नुसतं शिंकणं होतं. मग छातीत घरघर. दूध ओढता ओढता पोरगी तोंड सोडायची आणि श्वासासाठी धडपडायची. बरगड्यांच्या खालची कातडी आत जायची. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी औषध दिलं, थंडी आणि धुळीपासून जपा म्हणाले. ताईंनी ते अक्षर न् अक्षर पाळलं. शेगडीत एकाच्या जागी दोन गोळे घातले. बाहेर पेटवलेला गोळा आणायला दिवसा एकदा दार उघडायच्या, तेवढंही नको म्हणून नवा गोळा खोलीतच पेटवू लागल्या.

रविवारी विजयकुमारनं दारातूनच बाळाचा श्वास ऐकला आणि त्याचा चहा तसाच राहिला.

"आई, मी हिले चरोद्याले नेतो. तिकडं ही धूळ नाही."

"तिकडं इंजिनाचा धूर आहे, बापू. आन् सव्वा महिना झाल्याबिगर बाळंतीण उंबरा ओलांडन का?"

"मग इथं राहून काय होऊन राहिलंय?"

ताई बाळाला घेऊन आत वळल्या. रात्रंदिवस त्या एकच मागत होत्या, की हे पोर जगू दे. देवीला नवस बोलून झाला होता, गावच्या मारुतीला बोलून झाला होता. माणसांत आता एकच उपाय दिसत होता. मारोतरावांनी साहेबाला भेटावं आणि चिमण्यांपासून लांबच्या सेक्टरात क्वार्टर मागावं.

"सायेब पुरावा मांगते," मारोतराव म्हणाले. "नुसतं बायको म्हणते म्हणून क्वार्टर बदलते का?"

तो पुरावा दुसऱ्याच दिवशी शिडी घेऊन दारात आला. निदान ताईंना तसंच वाटलं.

श्रीधर रायपूरच्या जुन्या मराठी घरातला, प्लांटच्या प्रयोगशाळेत नोकरीला. धूळ कुठून येते आणि कुठं पडते, याचा नकाशा करायचं काम त्याच्याकडं होतं. गावात ठिकठिकाणी, कॅम्पात, सेक्टरांत, पार कोहका गावापर्यंत त्यानं छतांवर रुंद तोंडाच्या बरण्या ठेवल्या होत्या. चिमणी किती उंच, वारा कुठला आणि किती, त्यावरून धूळ कुठं किती पडेल हे तो आधी कागदावर गणितानं काढायचा. मग बरणीत खरोखर तेवढीच पडते का ते बघायचा. सगळीकडं थोडंफार जुळत होतं. या कॅम्पातच जुळत नव्हतं. काळी धूळ गणितापेक्षा फार जास्त भरत होती. म्हणून तो आता बरण्यांबरोबर व्हॅसलीन लावलेल्या काचा ठेवत फिरत होता. काचेवर कण जसा पडला तसा चिकटून राहतो, भिंगाखाली बघता येतो.

ताईंनी त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि सगळी चौकशी केली.

"मंग तुमच्या कागदावर दिसन का, का या घरात चिमणीची धूळ येते म्हणून?"

"दिसेल ना काकू. लाल कण वेगळा ओळखू येतो. लोखंड असतं त्यात. लोहचुंबक फिरवलं की बरेचसे हलतात. कोळशाची काजळी हलत नाही. राखेचा कण भिंगाखाली गोल दिसतो. मातीचा ओबडधोबड. कोण कुठून आलं ते सगळं कळतं."

"आन् तुमचे सायेब मानतीन?"

"काच बघितल्यावर कसं नाही मानणार?"

ताई उठून उभ्या राहिल्या. "मंग एक छतावर ठेव, एक ओट्यावर ठेव. आन् एक मले दे. मी आत ठेवतो, बाळाच्या उशाशी. खिडकी बंद करून किती येते ते पाहू दे तुमच्या सायबाले."

श्रीधर घुटमळला. "आतलं आम्ही मोजत नाही काकू. नकाशा बाहेरच्या हवेचा आहे."

"नात माही आत आहे. बाहेर थोडीच निजवली?"

श्रीधर हसला आणि त्यानं काच दिली. बाळाजवळ कुठलीही परकी वस्तू ठेवायची तर ताई तिला आधी कुंकू लावायच्या. काचेच्या पाठीवरही त्यांनी कुंकवाचं बोट टेकवलं आणि पाळण्याच्या वरच्या कोनाड्यात ती ठेवली. शेगडीवर ओवा टाकला. नलूनं विचारलं, "हे काय आणलं वो आई?"

"तुह्या पोरीची साक्ष," ताई म्हणाल्या.

ते दोन-तीन दिवस ताई थोड्या निवांत होत्या. बाळाची घरघर वाढली होती, पण आता क्वार्टर बदलणार, लांब जाणार, हवा लागणार. रंभाला त्यांनी कुंपणावरून सांगूनही टाकलं.

"जाणार म्हणता, आन् मले कोण शेकन मंग?" रंभा म्हणाली.

"तुह्यासाठी येईन ना वो. गोळे तेवढे कोरडे ठेवजो."

श्रीधर काचा न्यायला आला तो दुपारी. नलूचा डोळा लागला होता, मारोतराव फर्स्ट शिफ्ट करून येऊन जेवत होते. छतावरची काच त्यानं उतरवली, ओट्यावरची उचलली, आणि ताईंनी आतली आणून दिली. ताईंनी वाटेत तिच्याकडं पाहिलंही नाही, पदराखाली झाकून आणली. त्यानं ओट्यावर एक पांढरा कागद अंथरला आणि तिन्ही काचा त्यावर शेजारी शेजारी ठेवल्या.

छतावरची काच लालसर होती, विटकरीवर पाणी पडून वाळावं तशी. ओट्यावरची करडी, तिच्यात लाल ठिपके. तिसरी काळी. तिच्यातून खालचा पांढरा कागद दिसतच नव्हता.

श्रीधरनं भिंग काढलं, वाकून बघितलं. मग लोहचुंबक तिच्यावरून फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"तुह्या काचांची अदलाबदल झाली का काय?" ताई म्हणाल्या. "ही चुलीजवळची दुसऱ्या कोणाची असन."

श्रीधरनं काच उलटी केली. पाठीवर कुंकवाचं बोट होतं.

ताई बघत राहिल्या.

"काकू," श्रीधर म्हणाला, "लाल यात जवळजवळ नाहीच. खिडकीनं लाल धूळ अडवली, चांगली अडवली. आत काय जळतं?"

उत्तर सगळ्यांना त्या वासातच येत होतं. दाराच्या फटीतून ओव्याचा आणि कोळशाचा वास ओट्यापर्यंत यायचा, इतके दिवस येत होता.

ताई आत गेल्या. खोलीच्या दारात त्या उभ्या राहिल्या आणि त्यांना ती खोली पहिल्यांदा दिसली. शेगडीच्या वरची भिंत काळवंडलेली. गोणपाट काळं. मच्छरदाणीची जाळी, जी त्यांनी स्वतः धुऊन पांढरी स्वच्छ बांधली होती, ती धुरकट. बाजेच्या पायाशी बाळाच्या तोंडानाकाचं पुसायचं फडकं पडलं होतं. ते त्यांनी उचललं.

दर दिवशी त्या ते फडकं धूत होत्या. बाळाचं नाक पुसलं की काळं निघायचं. प्लांट, प्लांट म्हणत धुऊन टाकायच्या. आणि देव्हाऱ्याचं फडकं निघायचं लाल. दोन्ही फडकी त्यांच्याच हातातली, एकाच दोरीवर वाळणारी. भिलाईत लाल धूळ त्यांच्याइतकी कोणी ओळखत नसेल. चिमणीची धूळ लाल, हे त्याच तर सगळ्यांना सांगत होत्या. मग पोरीच्या नाकातून काळं निघतं ते कुठलं, हा विचार एकदाही त्यांच्या मनात आला नाही. देवानं डोळे दिले, रोज समोर धरून दाखवलं. बाईनं पाहिलं नाही.

त्यांनी शेगडी ओढली. सांडशी शोधायचं भान नव्हतं, शेगडीचा कान धरला तसा हात पोळला, तशीच ओढत मागच्या अंगणात नेऊन पाण्याची बादली ओतली. परत येऊन खिडकीचं गोणपाट फाडलं. कागद नखांनी उचकटला. तावदान उघडलं आणि हिवाळ्याचं ऊन आणि वारा एकदम आत आला. त्या उन्हाच्या तिरपीत सगळी खोली काळ्या कणांनी भरलेली, हळूहळू फिरताना दिसली.

नलू दचकून जागी झाली. "आई, काय करून रायली तू? वारा लागन ना पोरीले."

ताईंनी बाळाला उचललं. ओठ निळसर होते. "अवं," त्यांनी मारोतरावांना हाक मारली, "रिक्षा पाहा. मोठ्या दवाखान्यात जायाचं आहे. आत्ताच."

"बाळंतिणीले अजून सव्वा महिना झाला नाही..." मारोतराव म्हणाले.

"आत्ता म्हणलं ना मी."

मोठ्या दवाखान्यात बाळाला नळीनं प्राणवायू दिला. ताईंना आत जाऊ देईनात. बाहेरच्या बाकावर त्या बसून राहिल्या. पोळलेल्या हाताला नर्स मलम लावायला आली तेव्हा त्या हाताकडं अशा बघत होत्या, जसा काही तो दुसऱ्याच कुणाचा आहे. मारोतराव शेजारी बसले. ते म्हणाले, "तुले काय मालूम होतं? तुह्या मायनं असंच शेकलं, तिच्या मायनं असंच."

"तिच्या मायच्या घराले कुडाच्या भिंती होत्या," ताई म्हणाल्या. "वर कवेलूचं छप्पर. धूर आपोआप निंघून जात होता. आन् दगडी कोळसा कुठं होता तिच्यापाशी? ते गोळे म्या काढले."

देवीचं नाव घ्यायला त्यांनी ओठ उघडले आणि मिटले. कुठल्या तोंडानं मागायचं, असं त्यांना वाटत होतं. मग त्यांनी नुसतेच हात जोडून ठेवले, मागणं न करता.

विजयकुमार चरोद्याहून आला. त्यानं सासूला काही विचारलं नाही. तेच ताईंना फार लागलं. चार शब्द बोलला असता तर बरं झालं असतं.

पोर वाचली. काही दिवस दवाखान्यात राहिली, मग श्वास हळूहळू मोकळा झाला आणि एका सकाळी ती इतकी जोरात रडली की दुसऱ्या खाटेवरच्या बायकाही हसल्या. डॉक्टरांनी सांगितलं, छाती नाजूक राहील, थंडीत जपावं लागेल. नाव ठेवलं जया. बारसं चरोद्याला झालं. ताई गेल्या, पाळण्याची दोरी धरली, पण आत्या बाळाच्या कानात नाव सांगायला पुढं झाली तेव्हा आपण मागं सरकून उभ्या राहिल्या.

मधल्या काळात श्रीधर एकदा येऊन गेला होता. ओशाळलेला होता. या लाइनीतली जास्तीची काळी धूळ म्हणजे संध्याकाळी घरोघर पेटणाऱ्या शेगड्या, हे त्याला आता पटलं होतं. त्याच्या गणितात फक्त चिमण्या होत्या, माणसांच्या चुली नव्हत्या. चुलींच्या खुणा त्यानं नकाशावर केल्या, पण घराच्या आतली काच साहेबांनी बाजूला ठेवायला सांगितली. म्हणाले, घराच्या आतलं आपलं काम नाही.

"मंग कोणाचं आहे?" ताईंनी विचारलं.

श्रीधर चपलेत पाय घालू लागला.

"आन् छतावरचं लाल?"

"ते आहेच काकू. ते कुठं जातंय?"

मारोतरावांनी विचारलं, क्वार्टरचा अर्ज आता करू की नको. ताई म्हणाल्या, "करा. माही चूक झाली म्हणून चिमणी धुतल्या तांदळावाणी झाली का?"

पण त्याआधी, दवाखान्यातून घरी आल्याच दिवशी, ताई घरात न शिरता सरळ रंभाच्या मागच्या अंगणात गेल्या होत्या. हाताला पट्टी होती. दुसऱ्या हातानं भिंतीवरचा एकेक गोळा काढून बादलीत टाकू लागल्या. रंभा जड पावलांनी बाहेर आली.

"ताई, माह्या बाळंतपणाचे गोळे कावून काढून रायल्या तुमी?"

ताईंनी सगळं सांगितलं. काच, कुंकू, दोन फडकी, ओठांचा रंग. काही वगळलं नाही. रंभा ऐकता ऐकता दाराच्या चौकटीला टेकली. तिचा पहिला मुलगा केवल दोन वर्षांचा होता. तोही थंडीत झालेला, तोही ताईंनीच शेकलेला. हिवाळा लागला की तो खोकायचा. आताही आत खोकत होता.

दोघींनी तो खोकला ऐकला.

"आन् मी प्लांटले शिव्या देऊन रायली होती," रंभा म्हणाली.

"म्याच शिकवल्या तुले."

रंभाच्या डोळ्यांत राग होता आणि तो ताईंनी खाली मान घालून घेतला. मग ती म्हणाली, "माही सासू गावावरून येणार आहे. ते शेगडीबिगर राहू देईन का मले? म्हणन, हवा भरली पोटात, वात झाला. तिले कोण सांगन?"

"मी सांगतो."

"तुमचं ऐकन का ते?"

"नाही ऐकन. तरी सांगतो."

सासूनं ऐकलं नाहीच. 'काचवाल्याची चेली' म्हणून ताईंना ओट्यावर सगळ्यांदेखत टोमणा मारला. सत्तर बाळंतिणी शेकलेल्या बाईनं आता शेगडीला नाव ठेवावं, हे तिला नवलच वाटलं. ताईंनी वाद घातला नाही. रंभा बाळंत होऊन घरी आली तेव्हा त्यांनी शेगडी तिच्या ओट्यावर, उघड्यावर पेटवली. तिच्यावर वाळू तापवली, फडक्याच्या पुरचुंडीत बांधली आणि ती आत नेऊन रंभाची कंबर शेकली. वाळू निवली की पुन्हा बाहेर. दिवसभर त्या आतबाहेर करत होत्या. खिडकी अर्धी उघडी.

"थंडी वाजून रायली, ताई," रंभा म्हणाली. "खरंच वाजून रायली."

ताई खिडकी आणि बाज यांच्या मध्ये, वाऱ्याकडं पाठ करून बसल्या. पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला. रंभाचं बाळ त्यांच्या सावलीत निजलं होतं. सासू दारात उभी राहून बघत होती. ताई वाकून बाळाच्या छातीपाशी कान नेत होत्या, सरळ होत होत्या, आणि पुन्हा वाकत होत्या.